न्यिलानला कुठेच दुखत नव्हतं

तेनिंगला जाऊन वर्ष झालं त्या दिवसाचं कुराणपठण संपलं, बाजरीचे गोड लाडू वाटून झाले, माणसं आपापल्या घरी गेली. तिचा नवरा बिराम मला दारापर्यंत सोडायला म्हणून आला आणि दारातच उभा राहिला.

“आत्या, एक काम कर. न्यिलानचं बीपी मोज.”

“का? काय झालंय तिला?”

“काही नाही,” तो म्हणाला. “तेनिंगलाही काही नव्हतं.”

न्यिलान म्हणजे तेनिंगची धाकटी बहीण. आणि मी कोदू. आमच्या जोआल या कोळ्यांच्या गावात दर वस्तीत एक बाई नेमलेली असते, तिला लहानथोर सगळे आत्याच म्हणतात. पोटुशीला दवाखान्यात न्यायचं, तान्ह्याची लस चुकली तर आईचे कान उपटायचे, नवरा आडवा आला तर त्याला समजवायचं, ही तिची कामं. पगार नाही. मान आहे, आणि शिव्या त्याहून जास्त आहेत. गेल्या वर्षी दवाखान्याने आम्हा आत्यांना बीपी मोजायचं एकेक मशीन दिलं. माझ्या हातात ते आलं तेव्हा तेनिंगला जाऊन चार महिने झाले होते. केवढंसं ते मशीन! पहिल्यांदा ते मी माझ्याच दंडाला बांधलं. पट्टा फुगला, सुटला, आकडे आले, आणि मी ते आकडे न बघताच रडत बसले.

तेनिंग माझी मैत्रीण होती. किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या आहेत, तिथे आम्ही दोघींनी पंधरा वर्षं शेजारी शेजारी काम केलं. तिसऱ्या बाळंतपणात तिचं तोंड सुजलं, बीपी चढलं, बाळ गेलं, ती वाचली. नंतर येऊन तपासून जा असं तेव्हाच्या नर्सबाईनं सांगितलं होतं. कोण जातं? रिकाम्या हातांनी बाळंतिणींच्या रांगेत बसायचं तिच्या जिवावर आलं. पुढची अकरा वर्षं तिच्या दंडाला कुणी पट्टा बांधला नाही. डोकं दुखायचं, पण धुरात उभं राहून कुणाचं दुखत नाही? पाय सुजायचे, तर आई म्हणायची, आपल्या घराण्यात पाय सुजतातच. ती आईही तशीच गेलेली. तेनिंगला शेवटी शहरात नेलं तेव्हा दोन्ही किडन्या आक्रसल्या होत्या. रक्त शुद्ध करायची मशीनं थोडी, माणसं फार. तिचा नंबर लागल्याचा फोन आला तेव्हा तिला शिंपल्यांच्या टेकडीवरच्या दफनभूमीत पुरून नऊ दिवस झाले होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन भट्ट्यांवर गेले.

न्यिलान धुरात उभी राहून मासे उलथत होती. एक्केचाळीस वर्षांची, उंच, खणखणीत. नवरा गाम्बियात गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा तिनं स्वतः काजीकडून फारकत घेतली. मुलगी लग्न होऊन काओलाकला. हसायला लागली की पलीकडच्या होडीतली माणसंही माना वळवायची, कारण ते हसू सहीसही तेनिंगचं होतं.

“हात पुढे कर,” मी म्हटलं.

“का? बांगडी आणलीस?”

“आणली, फुगणारी.”

तिनं मशीनकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “कुणी पाठवलं? दाजींनी ना? आत्या, मला कुठे काय दुखतंय? सकाळपासून दहा टोपल्या उतरवल्यात मी. त्या माणसाला म्हणावं, घरी बसून होड्यांचे खिळे मोज.”

“दुखत नाही तर मोजायला घाबरतेस कशाला?”

भट्टीवरच्या बायका हसल्या. बायका हसल्यावर न्यिलान मागे हटायची नाही. तिनं हात पुढे केला. वरचा आकडा एकशे ऐंशी आला, खालचा एकशे दहा. मला वाटलं मशीन चुकतंय. तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, थोड्या वेळानं परत मोजलं. तेवढाच.

“हे चांगलं की वाईट?” तिनं विचारलं.

“उद्या दवाखान्यात चल,” मी म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत मासे उलथायला गेली.

आमचा नर्स सांबू जोला जमातीचा, आम्ही सेरेर. या दोघांत वाडवडिलांपासून थट्टेचं नातं आहे, दोघंही एकमेकांना गुलाम म्हणतात, भातखाऊ म्हणतात आणि कुणी रागवायचं नाही.

“ये ये,” सांबू म्हणाला. “माझी मालमत्ता आली. पळून कुठे गेली होतीस?”

“भातखाऊ माणसा, मालकिणीला खुर्ची दे आधी,” न्यिलान म्हणाली.

त्यानं खुर्ची दिली, मोजलं, बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर बघितली, डबीत लघवी आणायला लावली आणि तीत कागदाची पट्टी बुडवली. पट्टीवरचा एक चौकोन पिवळ्याचा हिरवट झाला. सांबूची थट्टा तिथेच थांबली.

“साखर ठीक आहे. पण लघवीतून अंगातलं सत्त्व थोडं थोडं गळतंय. बीपी असंच राहिलं तर किडनी खराब होत जाणार, आणि किडनी दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत थांबशील तर मग माझ्याकडे द्यायला काही नसेल. आज आहे.” त्यानं बोटांवर मोजत विचारलं, “दारोदार गोळ्या विकणाऱ्या त्या पाटीवाल्याकडच्या दुखण्यावरच्या गोळ्या घेतेस?”

“गुडघ्याला. आणि पाठीला. घेतातच सगळ्या.”

“रोज?”

“कामाच्या दिवशी.”

“म्हणजे रोज. त्या बंद. भातात मसाल्याचे ते खारट क्यूब किती टाकतेस?”

“चार. पाहुणे आले तर सहा.”

“एक. खारवलेला मासा विक, खाऊ नकोस, ताजा खा. धुरात उभी असतेस तेव्हा पाणी पीत जा. आणि ही गोळी रोज सकाळी घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. विशेषतः बरं वाटलं तर.”

येताना ती पुलापाशी थांबून म्हणाली, “तेनिंगची पट्टी कधी कुणी बुडवली होती का गं?”

मी नाही म्हटलं. तिनं गोळ्यांचं पाकीट झग्याच्या गाठीत बांधलं आणि चालायला लागली.

त्यानंतर बिराम दर मंगळवारी न्यिलानकडे जायला लागला. तो होड्या बांधणारा सुतार, मंगळवारी त्याचा कारखाना बंद असायचा. ताजा मासा घेऊन यायचा, लिंबं आणायचा. क्यूबशिवाय भाताला चव यावी म्हणून कुठून कुठून चिंच, लसूण, हिरवी मिरची. न्यिलानच्या भट्टीपुढे त्यानं ताडाच्या झावळ्यांचं छप्पर घातलं आणि सावलीत पाण्याचा माठ मांडला. मग पाकिटातल्या गोळ्या मोजायचा. एक जरी जास्त निघाली तरी तोंड पाडून बसायचा. मीही मंगळवारी मशीन घेऊन जायचे. मी आकडा सांगितला की तो डोळे मिटून ऐकायचा, जसं कुणी दूर गेलेल्याचा निरोप ऐकावा.

तीन महिन्यांत वरचा आकडा एकशे अडतीसवर आला. पट्टीचा हिरवटपणा फिका झाला. सांबूनं तर तिला उठून सलाम ठोकला. “गुलामांमध्ये ही एकच शहाणी,” म्हणाला.

वस्तीत कुजबुज सुरू झाली ती होणारच होती. बायको गेली, मेहुणी एकटी, दर आठवड्याला येणंजाणं. न्यिलानच्या थोरल्या चुलत्यांनी मला बोलावून घेतलं. “कोदू, बिरामला लग्नाचं विचारलं. तो नाही म्हणत नाही. तू तिला विचार.”

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, तेनिंगचं घर पुन्हा उघडेल. तिच्या अंगणात पुन्हा तेच हसू येईल. मी तशीच उठून न्यिलानकडे गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातला मासा पाटीत ठेवला, हात पुसले.

“तो काय म्हणाला?”

“नाही म्हणत नाही.”

“नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “आत्या, तुला एक सांगू? मी सोळा वर्षांची असताना त्याच्या कारखान्यात दुपारचं जेवण घेऊन जायचे. त्याचा मालक आमच्या आईकडून जेवण घ्यायचा. बिराम तेव्हा शिकाऊ होता. मी पातेल्याच्या तळाची करपलेली खरपुडी मुद्दाम त्याच्यासाठी वेगळी काढून न्यायचे. एक दिवस मला ताप आला आणि माझ्याऐवजी तेनिंग जेवण घेऊन गेली. बस. एक दिवस.”

इतक्या वर्षांच्या मैत्रीत ही गोष्ट मला तेनिंगनं कधी सांगितली नव्हती. तिला माहीत होती की नव्हती, कोण जाणे.

“नंतर मी त्याला थट्टेनं नवरोबा म्हणायचे. मेहुण्या म्हणतातच. ती गेल्यापासून ते मी सोडलं, तोंडातून निघेचना. आता तो येतो. अंबाडीच्या फुलांचं सरबत आणतो, बिनसाखरेचं. बिनसाखरेचं तेनिंगला आवडायचं, मला ते आंबटढाण लागतं. मी हसले की तो मान खाली घालतो. मी पाठमोरी असले की बघतो. आत्या, तो माझं बीपी मोजायला येत नाही. तिचं मोजायला येतो.”

“अगं, पण त्यानं तुझा जीव वाचतोय ना?”

“वाचतोय,” ती म्हणाली. “माझा म्हणून वाचला असता तर बरं झालं असतं.”

चुलत्यांना मी सांगितलं, ती विचार करतेय.

पुढच्या मंगळवारी न्यिलान घरी नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. मासे घेऊन आतल्या गावांच्या बाजारात गेली म्हणे. बिराम छपराखाली बसून राहायचा, तीनदा उकळलेला साखरेचा चहा पीत. चहा तो आधीपासूनच फार प्यायचा. तेनिंग गेल्यापासून जेवण निम्मं आणि चहा दुप्पट झाला होता.

पाचव्या आठवड्यात ती मला बाजारात दिसली. डोळ्यांखाली सूज होती. चपलेचा पट्टा पायात रुतला होता. मी काही न बोलता तिला हाताला धरून माझ्या अंगणात आणलं आणि पट्टा बांधला. एकशे शहाण्णव.

“गोळ्या?”

“संपल्या.”

“खोटं बोलू नकोस. सांबूनं तुला दोन महिन्यांच्या एकदम दिल्या होत्या.”

“थांबवल्या.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “डोकं फार ठणकायला लागलं तेव्हा पाटीवाल्याकडची लाल-पिवळी घेतली. दोन दोन.”

माझा तोल गेला. मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या बहिणीला आम्ही हातांनी उचलून नेलं, तुला काय खांद्यावर न्यायचं काय? तुझ्या मुलीनं काय करायचं? शेजारच्या दोघी कुंपणावरून डोकावल्या. आणि तेवढ्यात बिराम दारातून आत आला. ती बाजारात दिसल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण हातात रंधा तसाच होता आणि दाढीत भुसा.

त्यानं तिचे पाय पाहिले. आकडा मी सांगितला नाही, त्यानं मशीनवर वाचला. मग तो तिच्यापुढे खाली बसला आणि म्हणाला, “तेनिंग, गोळी घे. तेनिंग, ऐक माझं.”

त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. आम्हाला दोघींना कळलं.

“तेनिंग मेली,” न्यिलान म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “मी न्यिलान आहे. दाजी, बघा माझ्याकडे. तिच्यासाठी तुम्ही असे मंगळवारी मंगळवारी का नाही बसलात? तिचे क्यूब का नाही मोजलेत? तेव्हा कुठे होतात?”

मला वाटलं आता हा उठून जाईल. तो उठला नाही. रंध्याची धार अंगठ्यानं चाचपत बसला.

“इथेच होतो,” तो म्हणाला. “ती म्हणायची, डोकं दुखतंय. मी दर शुक्रवारी मशिदीतून येताना पाटीवाल्याकडून गोळ्या आणायचो. तिला मागायलाही लागू नये म्हणून आधीच आणून उशाशी ठेवायचो. शहरातल्या डॉक्टरनं विचारलं, या गोळ्या किती वर्षं? तेनिंग म्हणाली, आठवत नाही. मला आठवत होतं. सहा वर्षं. तो म्हणाला, किडनीला बीपीनं मारलं ते मारलंच, वर या गोळ्यांनीही मारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि परतीच्या गाडीत म्हणाली, कुणाला सांगू नकोस हं, लोक तुला बोल लावतील.”

कुंपणावरच्या दोघी आपणहून आत गेल्या. मी त्याला काय सांगणार? भट्टीवर तेनिंगचं डोकं दुखलं की मीही माझ्या पदरची गोळी तिला दिली होती. किती वेळा, तेही आता आठवत नाही. मी ते त्या दिवशी बोलले नाही. आज सांगते आहे.

न्यिलाननं त्याच्या हातातून रंधा काढून बाजूला ठेवला. अंगठ्यातून रक्त आलं होतं, तिनं झग्याच्या टोकानं दाबून धरलं.

“मी गोळ्या घेईन,” ती म्हणाली. “उद्यापासून नाही, आजपासून. पण तुमच्यासाठी नाही, आणि तुमचा अपराध फिटावा म्हणूनही नाही. मला म्हातारं व्हायचंय म्हणून. मंगळवारी आता येऊ नका.”

“कधीच?”

तिनं अंगठा बराच वेळ धरून ठेवला, मग सोडला.

चुलत्यांना नकार मीच कळवला. ते चिडले, पण न्यिलानपुढे कुणाचं चालत नाही.

ती शब्दाला जागली. दर महिन्याला स्वतःच्या पायानं दवाखान्यात जाते. सांबूनं दुसरी एक गोळी जोडून दिली, म्हणाला, ही किडनीची राखण करते. रक्त तपासायला म्बूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, ते चांगलं आलं. पट्टीवर अजून किंचित हिरवट येतं कधी, कधी येत नाही. सांबू म्हणतो, गेलेलं परत आणता येत नाही, पण आहे ते चाळीस वर्षं पुरेल. आणि न्यिलान भट्टीवरच्या बायकांच्या मागे हात धुऊन लागली आहे. एकेकीला ओढत माझ्याकडे आणते. “दुखत नाही? मग तर नक्कीच मोज,” म्हणते. नऊ जणींचं मोजलं, तिघींचं चढलेलं निघालं. एकीची साखरही. पाटीवाला हल्ली भट्ट्यांच्या रस्त्याने येत नाही, दुसऱ्या बाजूने जातो.

बिरामचं कुणीच मोजलं नव्हतं. हे न्यिलानच्याच लक्षात आलं. पावसाळ्याच्या तोंडाशी ती म्हणाली, “आत्या, तो किती वाळलाय बघितलंस? आणि कारखान्यात सारखा पाण्याच्या डब्याशी उभा असतो. त्याला मोजून घे म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

मी त्याच्याकडे गेले. तो होडीच्या सांध्यांत कापूस ठोकत होता.

“माझं कशाला?” तो म्हणाला. “माझ्यासाठी कोण थांबलंय?”

“थांबलंय कुणीतरी,” मी म्हटलं. “ऊठ.”

कोण, ते त्यानं विचारलं नाही. हातोडी ठेवली आणि आला. साखर भरमसाट निघाली. सांबूनं चहातली साखर बंद केली, गोळ्या दिल्या, लघवीची पट्टी बुडवली. ती स्वच्छ होती. सांबू म्हणाला, “वेळेवर आलास, गुलामा.” बिराम नुसता पट्टीकडे बघत राहिला.

आता दोघंही दवाखान्यात मोजायला येतात, मीही तिथे असते. ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तो तिसऱ्या. एकमेकांच्या घरी जात नाहीत. होड्यांच्या रांगेतून जाताना भेट झालीच तर लाकडाचं बोलतात, माशांचं बोलतात. मी लग्नाचा विषय पुन्हा काढलेला नाही. त्याच्या मनातून तेनिंग जात नाही आणि न्यिलानला तिच्या जागेवर बसायचं नाही, मग मी कोणाला काय समजावू? कधी कधी वाटतं, अजून वय आहे दोघांना, आणि आता दोघंही जगणार आहेत. कधी वाटतं, एवढं जगायचं नि असंच?

मागच्या आठवड्यात ती आली. एकशे बत्तीस. पट्टा सोडताना मला म्हणाली, “त्याची साखर किती आली गं?”

मी सांगितली. तिनं मान डोलावली, टोपली डोक्यावर घेतली आणि भट्ट्यांकडे निघाली.